पत्र नवऱ्यालाच का?

अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलेलं नसतं, त्यांनाही त्यात काय आहे ते ठाऊक असतं. दारू, पुरुष, घर सोडून जाणं, पुन्हा येणं. एवढ्या भांडवलावर ते पुस्तक पन्नासहून जास्त वर्षं या तोंडातून त्या तोंडात फिरतंय. आमच्याकडे ते कपाटाच्या मागच्या रांगेत असायचं. पुढे दासबोध, श्यामची आई, मृत्युंजय वगैरे मंडळी. लपवलेलं म्हणावं असं नव्हतं, पण पाहुण्यांच्या नजरेला पडेल असंही नव्हतं. पुढे वाचनालयातून त्याची दुसरी प्रत आणली, तर तिच्यात काही पानांच्या कडा बाकीच्यांपेक्षा मळलेल्या. कुठली पानं ते सांगायची गरज नाही. गंमत अशी, की चवीनं वाचायला म्हणून ज्यांनी ती पानं उलटली असतील, त्यांच्या हाताला फार काही लागलं नसणार. हंसाबाई त्या जागा इतक्या झपाट्यानं ओलांडतात, की वाचणाऱ्याला नीट लाजायलाही सवड मिळत नाही.

पुस्तक राजहंस प्रकाशनानं १९७० साली काढलं. त्याआधी ते ‘माणूस’ साप्ताहिकात आलं होतं. हंसाबाई बोलल्या आणि अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे साधू तेव्हा व्हायचे होते. हे विशी-तिशीच्या उंबरठ्यावरचे पत्रकार होते. समोर बसलेली बाई पंचेचाळिशीच्या आसपासची, थकलेली, जिचं नाव एके काळी थेटराबाहेरच्या फलकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात लागत असे. पुस्तक आल्यावर वर्षभरात, ऑगस्ट १९७१ मध्ये, त्या गेल्या. वय अवघं अठ्ठेचाळीस.

मला या पुस्तकाबद्दल लिहायचं होतं ते त्यातल्या एका पत्रामुळे. पण तिथे पोचायला जरा मागून यावं लागेल.

त्यांचं खरं नाव रतन. रतन भालचंद्र साळगावकर, जन्म १९२३ च्या जानेवारीतला. घराणं सावंतवाडीकडचं, नायकिणींच्या परंपरेतलं. त्या घरात बायकांचं गाणं, नाचणं, त्यावर कुटुंब चालणं हे सारं पिढ्यानपिढ्या ओळखीचं होतं. नवलाईची गोष्ट होती ती लग्न करून नांदण्याची. हा तपशील पुस्तकात सुरुवातीला येतो आणि पटकन मागे पडतो. मला मात्र तो विसरता येत नाही. आपण ज्याला साधं चाकोरीतलं आयुष्य म्हणतो, कुंकू, मंगळसूत्र, स्वयंपाकघर, चार माणसांत कुणाची तरी बायको म्हणून उभं राहणं, ते त्या घरातल्या मुलीला फुकट मिळणारं नव्हतं. मध्यमवर्गातली मुलगी ज्यातून बाहेर पडायला धडपडत होती, त्याच घरात शिरायला ही मुलगी धडपडत होती. हे एवढं लक्षात ठेवलं की पुस्तकातले पुढचे अनेक प्रसंग वेगळे दिसायला लागतात.

आणि सिनेमाला तेव्हा अशाच घरातल्या मुली हव्या होत्या. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषानं ती केली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पुढे १९३१ ला चित्रपट बोलायला लागला आणि अडचण दुप्पट झाली. पार्श्वगायन अजून रुळायचं होतं, त्यामुळे पडद्यावर जी दिसेल तिलाच गाता यायला हवं. गाता येणाऱ्या, चार पुरुषांसमोर न बुजता उभ्या राहणाऱ्या मुली कुठल्या घरात होत्या हे स्टुडिओवाल्यांना कुणी सांगायला नको होतं. रतनच्या घरातल्या बायका तिच्या आधीच या धंद्यात शिरल्या होत्या. वडील पिणारे, घरात पैसा नाही. ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला चित्रपट, १९३६ चा. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. शाळा तिथेच सुटली.

साळगावकर हे नाव पडद्यावर नको, म्हणून आजीकडचं वाडकर घेतलं आणि रतनची हंसा झाली. म्हणजे पैसे घरात यावेत, पण नाव मात्र घराचं जाऊ नये! इतकी चोख व्यवस्था तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतः केलेली नसते, ती तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी केलेली असते. इथून पुढे या बाईच्या आयुष्यात कमाई आणि मान यांची खाती वेगळी झाली ती झालीच. कमाई सगळ्यांना चालली.

हिच्या शेजारी दुर्गा खोट्यांना उभं करून बघावं. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८२ चं. वडील सॉलिसिटर लाड, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये, सासर श्रीमंत खोट्यांचं. ‘फरेबी जाल’मधल्या छोट्या भूमिकेनं समाजात नाचक्की झाली, पण मग १९३२ ला कोल्हापुरात प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या आणि खोटे हे आडनाव पडद्यावर सन्मानानं झळकलं. कुलीन घरातली बाई सिनेमात येते म्हणून सिनेमाची पत वाढली, असं तेव्हापासून आजतागायत लिहिलं जातं. या वाक्याची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही. जिच्या येण्यानं पत वाढत नव्हती, पण जिच्याशिवाय शूटिंगही होत नव्हतं, अशा बायकांचं काय? त्यांतल्या बहुतेकींची नावंसुद्धा उरली नाहीत. हंसाबाई बोलल्या म्हणून एकीचं कळलं.

दुर्गाबाईंचं पुस्तक मला आवडतं. त्यात नवऱ्याचं जाणं आहे, कर्ता मुलगा हरिन हाताशी आल्यावर जाणं आहे, आणि ते ज्या संयमानं सांगितलंय त्याला तोड नाही. लेडी मॅकबेथपासून जोधाबाईपर्यंत सगळं केलेली ही बाई दुःखाचं प्रदर्शन करत नाही. पण तो संयम पाठीशी आधार असलेल्या माणसाचा आहे. हंसाबाईंच्या सांगण्यातही अश्रू नाहीत, पण त्याला मी संयम म्हणणार नाही. एखादी बाई भाजी निवडता निवडता शेजारणीला आपलं बाळंतपण सांगते, त्या सुरात त्या सांगतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं कारणच नाही.

लग्न झालं ते बंदरकरांशी. घरात जाणं-येणं असलेला, वयानं मोठा माणूस. पोरवयातली मुलगी, आईचा आणि भावाचा जाच, सारखा संशय. माझ्यावर एवढा आळ घेताच ना, मग घ्या, या इरेला पेटून तिनं पाऊल टाकलं असं हंसाबाईंच्या सांगण्यावरून वाटतं. प्रेम होतं का? होतं असावं, थोडं. राग जास्त होता. लग्नानंतर सिनेमा सोडून संसार करायचा, हा त्यांचा बेत. तो बेत पार पडला नाही, कारण नवऱ्याला त्यांचं काम थांबायला नको होतं. आणि काम करायला लावणारा हाच नवरा त्या कामावरून संशय घेणारा. नटासोबत जवळिकीचा प्रसंग करायचा, त्याचे पैसे घरी आणायचे आणि घरी आल्यावर त्याच प्रसंगाची उत्तरं द्यायची. गर्भ राहिले ते टिकले नाहीत, जगली ती एक मुलगी.

इथे थांबून मला एक तक्रार नोंदवायची आहे. या पुस्तकावर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात ‘बंडखोर’ हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. बंडखोर स्त्री, काळाच्या पुढची स्त्री, मुक्त स्त्री. दुसऱ्या बाजूला ‘बिचारी’ म्हणणारे असतात. दोघांनाही पुस्तकातली बाई सापडत नाही असं मला वाटतं. बंड करणाऱ्याला ज्याच्याविरुद्ध उठायचं ते नको असतं. हंसाबाईंना घर हवंच होतं. इतकं हवं होतं की त्या एका घरातून निघून दुसऱ्यात गेल्या ते प्रत्येक वेळी घरासाठीच. पुरुष त्या घराचा दरवाजा होता. आणि बिचारी म्हणावं तर या बाईनं लहानपणापासून शेवटपर्यंत स्वतःच्या अंगमेहनतीवर दुसऱ्यांना पोसलं. पोसणारीला बिचारी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे खरी, पण तिचा अर्थ इतकाच की तिनं पोसलं हे आपल्याला मान्य करायचं नाही.

कामाबद्दल त्या मानानं कमी बोलतात. सिनेमाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना याची चुटपुट लागते, मलाही लागते. बॉम्बे टॉकीजच्या १९३९ च्या ‘नवजीवन’मध्ये त्या होत्या, मालाडच्या त्या स्टुडिओची जर्मन तंत्रज्ञांनी लावलेली शिस्त अजून प्रसिद्ध आहे. मग पुण्याचं प्रभात. ‘संत सखू’ १९४१ चा, दामले, फत्तेलाल आणि राजा नेने या तिघांनी केलेला. ‘रामशास्त्री’ १९४४ चा. राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ चा, त्यात जयराम शिलेदार राम जोशी आणि हंसाबाई तमाशातली बया. मग ‘पुढचं पाऊल’. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे वीस-पंचवीस वर्षं थेटरं भरत राहिली तिचा पाया बऱ्याच अंशी या बयेच्या पावलांवर उभा आहे. बयेची नजर आठवा. कॅमेऱ्याला लाडीगोडी लावणारी नटी आणि कॅमेऱ्याशी सवाल-जवाब करणारी नटी, यातली दुसरी जात हंसाबाईंची.

आणि १९५९ ला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. तमाशातली बाई आणि गावचा पाटील यांची गोष्ट, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पुस्तकाला पुढे हेच नाव मिळालं. त्या चित्रपटातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं ‘बुगडी माझी सांडली गं’, आणि पडद्यावर ते आहे जयश्री गडकरांचं. हंसाबाईंच्या नावानं ओळखला जाणारा चित्रपट, त्यातनं पुढच्या काळाची नायिका वर आली. सिनेमात हे व्हायचंच. मराठी पडद्यावर छत्तिशीच्या बाईला तेव्हा काय मिळत होतं ते आठवलं की यात नवल काही नाही. पण हंसाबाई त्याचा सल धरून बसलेल्या दिसत नाहीत. त्यांचे सल दुसरीकडचे आहेत.

‘संत सखू’कडे मात्र मी परत परत जातो. कऱ्हाडची सखू, सासूचा छळ, पंढरीची ओढ. घरच्यांनी खांबाला बांधून ठेवलेली. मग विठ्ठल स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी राबतो आणि खरी सखू वारीला जाते. ही कथा आपल्या ओव्या-कीर्तनांत शेकडो वर्षं टिकली याचं कारण भक्तीइतकंच त्यातल्या सोयीचंही असावं. बाईनं घर सोडायचं असेल तर घराचं एक काम अडता कामा नये. तेवढी अट पुरी करायला प्रत्यक्ष देवाला खाली यावं लागतं. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ती सखू केली. लोक पडद्यावरच्या सखूला हात जोडत असतील, आणि ती करणारी मुलगी पॅकअपनंतर घरी जाऊन नवऱ्याला दिवसाचा हिशेब देत असेल. त्यांनी घर सोडलं तेव्हा त्यांच्या जागी खांबाशी उभं राहायला कुणी आलं नाही. मुलगी मागे राहिली, कामं मागे राहिली.

ते घर सोडणं असं. नवऱ्याशी भांडण, रागाच्या भरात बाहेर पडणं, आणि ओळखीच्या एका माणसाबरोबर थेट मराठवाड्यातल्या एका आडगावी. तिथे गेल्यावर कळलं की या घरात आपला नंबर तिसरा. आधीच्या दोघी तिथेच. मोठा वाडा, शेतीभाती, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी. महाराष्ट्राच्या गावोगावी जिला पाहायला पैसे मोजून गर्दी होत होती, तिला त्या गावात कुणी पाहायचं नाही, असा तो कायदा. तीन वर्षं. या तीन वर्षांबद्दल वाचताना मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं ते असं, की हंसाबाई त्या घराला नुसता तुरुंग म्हणून मोकळ्या होत नाहीत. तिथे चूल होती, बायका होत्या, सणवार असणार. लहानपणापासून हवं होतं ते सगळं होतं, फक्त दार बाहेरून बंद होतं.

आणि मग पत्र. त्या वाड्यातून कसंबसं एक पत्र बाहेर गेलं. ते त्यांनी नवऱ्याला लिहिलं होतं.

बंदरकरांना! ज्याच्या घरातून पळाल्या त्यालाच. ज्यानं राबवलं, संशय घेतला, त्यालाच. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे पुस्तक वाचलंय, त्यांतला प्रत्येक जण या जागी अडखळतो. एक मैत्रीण तर वैतागून म्हणाली होती, की इथपर्यंत मी तिच्या बाजूनं होते. मी तेव्हा तिच्याशी वाद घातला नाही, पण तिचं म्हणणं डोक्यात राहिलं.

पत्र मिळाल्यावर बंदरकर पोलीस घेऊन आले आणि हंसाबाईंची सुटका झाली. ‘सुटका’ म्हणायची ती इथपर्यंतच, कारण पुढची दोन-चार वाक्यं वाचून पुस्तक खाली ठेवावं लागतं. कागदोपत्री सोपस्कार पुरे करायला ज्या मॅजिस्ट्रेटपुढे जायचं होतं त्यानं त्यांच्यावर बलात्कार केला. असं त्या सांगतात, आणि ज्या सुरात बाकी सगळं सांगितलं त्याच सुरात सांगतात. आक्रोश नाही, विशेषणं नाहीत. सोडवायला आलेला नवरा, त्याच्यासोबतचं सरकार, आणि सरकारच्या खुर्चीवर बसलेला हा. १९७० साली, मराठीत, स्वतःच्या नावानं एका बाईनं हे छापू दिलं. आज आपण अशा बोलण्याला धैर्य म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण हंसाबाईंच्या आवाजात धैर्याचा अभिनिवेश कुठेच ऐकू येत नाही. झालं ते असं झालं, पुढे काय ते ऐका.

हा सूर त्यांचा किती आणि साधूंचा किती, हा प्रश्न रास्त आहे. सांगणारी बाई आणि लिहिणारा पुरुष, त्यातून वयानं लहान. काय गाळलं, काय जोडलं हे आपल्याला कोण सांगणार? माझं मत असं, की साधूंनी त्यात फारसा हात घातला नाही, आणि हीच त्यांची करामत. लेखणी हातात असलेल्या माणसाला अशा मजकुरात दोन उपमा घुसडायचा, एखाद्या प्रकरणाला झळझळीत शेवट द्यायचा मोह आवरत नाही. तो त्यांनी आवरलाय. सांगण्यातली उडी, मधेच मागे जाणं, तपशिलांची उलटापालट, सगळं तसंच आहे. रमाबाई रानडे १९१० साली आठवणी लिहायला बसल्या तेव्हा त्यांच्यापुढे ‘स्वतः’ म्हणजे नवरा, न्यायमूर्ती रानडे होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या स्वतः आहेत, मिश्कीलपणे आहेत, तरी घराचा मध्य नवरा, रेव्हरंड टिळकच. मराठी बाईच्या आत्मकथेत नवरा हा असा देव्हाऱ्यात तरी असतो, नाहीतर पुढच्या काळात आरोपीच्या पिंजऱ्यात. हंसाबाईंनी बंदरकरांना दोन्हीकडे ठेवलं नाही. तो घरात आहे, बस्स. चांगला वागला तिथे चांगला, वाईट वागला तिथे वाईट. वाचणाऱ्याला त्याच्यावर चिडायची केवढी तयारी असते, पण त्या मदतच करत नाहीत!

स्वतःलाही त्या असंच वागवतात. दारूबद्दल बोलतात, पुरुषांबद्दल बोलतात, मुलीला आपण काय दिलं-न दिलं त्याबद्दल बोलतात. क्षमा मागत नाहीत आणि दवंडीही पिटत नाहीत.

श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये यावरून ‘भूमिका’ केला. पटकथेत गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे. स्मिता पाटील तेव्हा बाविशीच्या आत-बाहेर होती. तिला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. चित्रपट उत्तम आहे यात मला शंका नाही. अमोल पालेकरांचा केशव, म्हणजे नायिकेचा नवरा, तर असा गुळचट, असा पोटात शिरून पोखरणारा, की त्यांना ‘छोटी सी बात’मध्ये पाहिलेल्यांना धक्का बसावा. वाड्याचा मालक झालेला अमरीश पुरींचा विनायक काळे एकदाही आवाज चढवत नाही, आणि तरी नायिका उषा आता जत्रेला जाऊ शकणार नाही हे त्याच्या नुसत्या उभं राहण्यातून कळतं. पण चित्रपट मूळ पुस्तकापासून दोन जागी हटतो, आणि मला वाटतं, मुद्दाम हटतो. त्यातला मॅजिस्ट्रेट गाळलाय. आणि शेवटी उषा एकटी राहते. मुलगी म्हणते माझ्याकडे चल, तर ही नाही म्हणते. सत्तरच्या दशकातल्या प्रेक्षकाला असा शेवट हवा होता, नाही म्हणू शकणारी नायिका हवी होती. ती स्मितानं दिली, आणि तिच्या डोळ्यांनी ती खरीही वाटली. हंसाबाईंच्या आयुष्याला मात्र असा स्वच्छ एकटेपणा मिळाला नाही. त्यांची शेवटची वर्षंही कुणाच्या तरी सोबतीनं, आजारपणात, पैशाच्या ओढगस्तीत गेली. चित्रपट आला तेव्हा त्या नव्हत्या. असत्या तर काय म्हणाल्या असत्या याची मला उत्सुकता आहे. बहुधा स्मिताचं काम आवडलं असतं, आणि शेवट पाहून हसल्या असत्या.

प्रेमाचं काय, असं कुणी विचारेल. प्रेमाची कहाणी म्हणूनच तर हे पुस्तक ओळखलं जातं. त्यांच्या सांगण्यात प्रेम सापडतं ते आडबाजूला. कुणीतरी जेवलीस का विचारलं, आजारी असताना कुणी उशाशी बसलं, एवढ्या तेवढ्या गोष्टींवर ही बाई विरघळते. ज्या बाईला पाहून पुरुष फेटे उडवत होते, तिला जेवणाची चौकशी पुरेशी होती, यावरून तिच्या भोवतालच्या माणसांनी किती कमी दिलं याचा अंदाज करावा. कमावत्या माणसाला कुणी जेवलास का विचारत नाही असं नाही. आपल्या घरांतून कमावत्या पुरुषाला पहिलं ताट वाढतात. कमावती बाई मात्र ताट वाढण्याच्या कामातून सुटत नाही, आणि तिच्या कमाईवर दुसऱ्यांची ताटं भरली तरी ती उष्टीच समजली जाते.

आता त्या पत्राकडे. मैत्रिणीला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता माझ्याकडे थोडंफार आहे.

पत्र लिहायला दुसरं होतं कोण? आई आणि भाऊ, ज्यांच्या जाचातून ती लग्नाकडे ढकलली गेली? निर्माते? त्यांच्यासाठी ती एक न आलेली तारीख होती, तेवढ्यात दुसरी कुणी उभी राहिली असणार. चाहते? त्यांना ती कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तर त्यांनी मिटक्या मारल्या असत्या. मुलगी लहान. वाड्याच्या दारात उभं राहून ‘हिला बाहेर काढा’ असं ज्याला हक्कानं म्हणता येईल आणि ज्याच्या शब्दावर पोलीस हलतील, असा या जगात एकच माणूस होता. तो नवरा. बाकी कुणी गेलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तू तिचा कोण? आणि हंसाबाई स्वतः चौकीवर जाऊन म्हणाल्या असत्या, मला इथून जायचंय, तर पुढचा प्रश्न असता, कुणाच्या घरी? वाड्याच्या मालकावर त्यांचा हक्क नव्हता, कारण तिथे त्या तिसऱ्या. सुटायचं तर दुसऱ्या कुणाची तरी म्हणून सुटायचं, एवढीच सोय होती. ती त्यांनी ओळखली. मन त्याच्याकडे ओढलं म्हणून लिहिलं, की दुसरा पत्ता नव्हता म्हणून, हे त्या फोड करून सांगत नाहीत. दोन्ही असेल. मुलीचाही पत्ता तोच होता.

मग कागदावर सही करायला गेल्या तिथे काय झालं ते वर आलंच आहे. त्यानंतर मुंबई, पुन्हा रंग, पुन्हा कामं. तमाशापट जोरात होते आणि नाचणारी बाई हवी होती.